नावाड्याविना नाव

करमणूक उद्यानात जाऊन आलेल्या मुलांना विचारा, की तिथल्या कोणत्या खेळामागचे विज्ञान समजून घ्यायला तुम्हांला आवडेल? बहुतेक हात रोलर कोस्टरसाठी वर होतील, काही मोठ्या पाळण्यासाठी. संथ चालणाऱ्या नावेच्या फेरीचे नाव क्वचितच कोणी घेईल. आजीपासून कडेवरच्या मुलापर्यंत सगळे घर एकत्र बसू शकते असा हा खेळ. त्यात वेग नाही, उंची नाही, पोटात गोळा येणे नाही. नाव बोगद्यात शिरते, दोन्ही बाजूंना देखावे सरकत राहतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी ती निघाली तिथेच परत येते.

पण जरा निरखून पाहा. या नावेत नावाडी नाही. वल्हे नाही, सुकाणू नाही, इंजिनही नाही. तरी ती चालते, वळणावर वळते आणि तिच्यामागून ठरावीक अंतराने दुसरी, तिसरी नाव येत राहते. या जातीच्या फेऱ्यांमधली सर्वांत प्रसिद्ध फेरी म्हणजे १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात सुरू झालेली ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’. तिचा इतिहास सांगताना बहुधा तिच्यातल्या शेकडो बाहुल्यांचा आणि तिच्या गाण्याचा सांगतात. या लेखात आपण पाण्याचा आणि रांगेचा इतिहास पाहणार आहोत. कारण ही फेरी टिकली आणि जगभर पसरली ती या दोन गोष्टींचे गणित जमले म्हणून.

गिरणीचा पाट

छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचे औरंगाबाद) पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिलेली असते. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी तिथे उंचावरून पडते, चाक फिरते आणि चाकाला जोडलेले जाते धान्य दळते. युरोप-अमेरिकेतही वाफेचे यंत्र येण्यापूर्वी अशाच पाणचक्क्या गावोगाव होत्या. नदीचे पाणी पाटाने चक्कीपर्यंत आणायचे आणि चाकावर सोडायचे, ही त्यांची रीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चक्क्या मागे पडू लागल्या आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या. आठवड्याचे सहा दिवस ट्राम भरलेल्या असत, रविवारी मात्र रिकाम्या. यावर ट्राम कंपन्यांनी उपाय शोधला. मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर त्यांनी उद्याने काढली. पिट्सबर्गजवळचे ‘केनीवुड’ हे असेच एका ट्राम कंपनीने १८९८ मध्ये उघडलेले उद्यान. तिथे १९०१ मध्ये ‘ओल्ड मिल’ म्हणजे ‘जुनी गिरणी’ नावाची नावेची फेरी सुरू झाली. ती आजही चालू आहे.

या फेरीत पाणचक्कीचे तत्त्व उलटे केलेले होते. चक्कीत पाणी चाकाला फिरवते. इथे यंत्राने फिरवलेले चाक पाण्याला ढकलते. एका वळणावळणाच्या बंद पाटात पाणी भरायचे, एका ठिकाणी वल्ह्यांसारखी पाती असलेले मोठे चाक फिरवत ठेवायचे, की सगळे पाणी गोल फिरू लागते. त्यावर सोडलेली नाव पाण्याबरोबर जाते. प्रत्येक नावेला वेगळे यंत्र लागत नाही. एकच यंत्र पाण्याला चालवते आणि पाणी सगळ्या नावांना. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल येथे १९०५ मध्ये सुरू झालेली ‘रिव्हर केव्हज’ ही फेरीही याच घराण्यातली.

ओंडक्यांची पन्हळ

आपल्या नावेचे दुसरे कूळ अमेरिकेच्या पश्चिमेकडचे आहे. नेवाडातील कॉमस्टॉक येथे १८५९ मध्ये चांदीचा मोठा साठा सापडला. खाणींच्या बोगद्यांना आधार द्यायला प्रचंड लाकूड लागे आणि जंगल होते दूर डोंगरावर. बैलगाड्यांनी ओंडके आणणे महाग पडे. तेव्हा लाकडी फळ्यांच्या लांबच लांब पन्हळी बांधून त्यांत पाणी सोडण्यात येऊ लागले. डोंगरावर ओंडका पन्हळीत टाकला, की तो पाण्याबरोबर आपोआप पायथ्याला येई.

या पन्हळींचा आकार मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. सपाट तळाच्या पन्हळीत ओंडके आडवे होऊन अडकत. मग दोन फळ्या तिरक्या जोडून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी पन्हळ करण्यात आली. तिचे श्रेय नेवाडातील जेम्स हेन्स यांना देतात. अशा पन्हळीत ओंडका अडला, तर त्याच्यामागे पाणी साठते आणि त्याची पातळी चढते. पातळी चढली, की वर रुंद होत जाणाऱ्या पन्हळीत ओंडक्याला मोकळी जागा मिळते, तो उचलला जातो आणि पुढे निघतो. अडथळा दूर करायला माणूस नको, अडथळ्यामुळे साठलेले पाणीच तो दूर करते.

माणसे या पन्हळीत गंमत म्हणून कधी बसली? १८७५ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे वार्ताहर रॅम्सडेल यांनी असा एक प्रवास केला आणि त्याचे वर्णन छापले. त्यांच्याबरोबर फ्लड आणि फेअर हे चांदीच्या खाणींचे धनाढ्य मालक होते. डुकरांना खाणे घालायच्या डोणीसारख्या ओबडधोबड नावांत बसून ही मंडळी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, ३५ मिनिटांत खाली आली. सरासरी वेग काढून पाहा: ताशी सुमारे ४१ किलोमीटर. भिजून आणि ठेचकाळून खाली पोचल्यावर पुन्हा त्यात बसण्याची कोणाचीही तयारी नव्हती.

पुढे ८८ वर्षांनी नेमका हाच प्रवास तिकीट लावून विकला जाऊ लागला. कॅलिफोर्नियातील ‘अ‍ॅरो डेव्हलपमेंट’ या कंपनीच्या कार्ल बेकन आणि एड मॉर्गन या अभियंत्यांनी १९६३ मध्ये टेक्सासमधील ‘सिक्स फ्लॅग्ज’ उद्यानासाठी ओंडक्याच्या आकाराच्या नावांची पन्हळ बांधली. तिचे स्पॅनिश नाव होते ‘एल अ‍ॅसेराडेरो’, अर्थ: लाकूड कापायची गिरणी. जंगलातली पन्हळ आणि ही पन्हळ यांत फरक एवढाच, की इथे उतार, पाण्याची खोली आणि दोन नावांमधले अंतर हिशेबाने ठरवलेले होते. अशा नावांच्या बाजूंना लहान चाके असतात. ती पन्हळीच्या भिंतीला टेकून फिरतात आणि नाव सुकाणूविना वळते.

प्रदर्शन आणि रांग

याच बेकन-मॉर्गन यांच्या कंपनीकडे न्यूयॉर्कच्या प्रदर्शनातील नावांचे काम आले. पेप्सी-कोला कंपनीला युनिसेफच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीच्या, गौरवार्थ दालन हवे होते. वॉल्ट डिस्ने यांनी ते स्वीकारले तेव्हा हाती वर्षभराचाही वेळ नव्हता. रंगांची आणि देखाव्यांची कल्पना मेरी ब्लेअर या चित्रकर्तीची होती. जगभरच्या मुलांच्या बाहुल्या, आणि त्यांच्यामधून जाणारी नाव.

नावच का? डिस्ने यांच्या कॅलिफोर्नियातील उद्यानात १९५५ पासून ‘जंगल क्रूझ’ ही नावेची फेरी होती. पण तिच्या प्रत्येक नावेला इंजिन आणि चालक लागे. शिवाय एका वेळी जेवढ्या नावा, तेवढेच चालक. प्रदर्शनात तर रोज लाखभर माणसे येणार होती. इथे प्रश्न होता रांगेचा.

आपण आकडे गृहीत धरून हे गणित करून पाहू. एका नावेत १६ माणसे बसतात आणि दर २० सेकंदांनी एक नाव सुटते असे समजा. मिनिटाला ३ नावा, ४८ माणसे. तासाला २,८८० माणसे. याच्याशी जत्रेतल्या चक्राची तुलना करा. चक्रावर ६० जण बसतात, पण बसणे, फिरणे आणि उतरणे मिळून एका खेपेला चार मिनिटे लागतात. म्हणजे तासाला १५ खेपा, ९०० माणसे. चक्र प्रत्येक खेपेला थांबते. पाणी थांबत नाही. सगळा फरक इथे आहे.

आता आणखी एक प्रश्न. फेरी १५ मिनिटांची असेल, तर कोणत्याही क्षणी आत किती माणसे असतील? मिनिटाला ४८ जण आत जातात आणि प्रत्येक जण १५ मिनिटे आत राहतो, म्हणून ४८ × १५ = ७२० माणसे, ४५ नावांमध्ये. हा साधा गुणाकार रांगशास्त्रातला मूलभूत नियम आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी त्याची सर्वसाधारण सिद्धता १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. बँकेतली रांग, दवाखान्यातले रुग्ण, टेलिफोनच्या केंद्रातले कॉल, सर्वांना तो लागू पडतो.

प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. प्रदर्शन १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत प्रत्येकी सुमारे सहा महिने, एकूण ३६० दिवसांच्या आसपास भरले. ‘स्मॉल वर्ल्ड’मध्ये या काळात सुमारे १ कोटी माणसे बसली. भागाकार करा: दिवसाला जवळजवळ २८ हजार. दिवसाचे १२ तास धरले, तर ताशी २,३०० हून अधिक. आपल्या काल्पनिक नावांच्या कमाल क्षमतेच्या हे किती जवळ आहे! म्हणजे नावा जवळपास दिवसभर भरून जात होत्या.

सतत वाहणाऱ्या नावांचा परिणाम गाण्यावरही झाला. नाटकगृहात सर्व प्रेक्षक एकाच वेळी येतात, म्हणून खेळाला सुरुवात असते. इथे दर २० सेकंदांनी नवे प्रेक्षक येणार. प्रत्येक देशाच्या बाहुल्यांनी आपापले राष्ट्रगीत म्हणावे, अशी आधीची कल्पना होती. पण शेजारशेजारची गीते एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट झाला. मग रॉबर्ट आणि रिचर्ड शर्मन या बंधूंनी एकच सोपे गाणे केले. त्याचे ध्रुपद आणि कडवे एकाच वेळी म्हटले, तरी सूर जुळतात. त्यामुळे नाव कोणत्याही क्षणी कुठेही असली, तरी कानाला खटकत नाही.

रांगेचे गणित डोकी मोजते. रांगेत कोणाला उभे राहू देतात, हे ते सांगत नाही. ट्राम कंपन्यांनी काढलेल्या उद्यानांपैकी अनेकांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. वॉशिंग्टनजवळच्या ‘ग्लेन एको’ या अशाच उद्यानात १९६० मध्ये विद्यार्थ्यांनी मेरी-गो-राउंडवर बसून सत्याग्रह केला, तेव्हा पुढच्या वर्षी ते सर्वांना खुले झाले. न्यूयॉर्कचे प्रदर्शन २२ एप्रिल १९६४ रोजी उघडले. त्याच दिवशी समान हक्कांसाठी तिथे निदर्शने झाली आणि नेते जेम्स फार्मर यांना अटक झाली. सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाला बंदी करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली २ जुलै १९६४ रोजी. आत बाहुल्या जग एक असल्याचे गात होत्या, आणि बाहेर एकाच देशातली मुले एका नावेत बसू शकतील की नाही, याचा निकाल लागत होता. इतिहास शिकवताना हे दोन्ही दिवस फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत.

पाणी किती, वीज किती?

आता पाण्याकडे वळू. पुन्हा गृहीत आकडे घेऊ. पन्हळ २ मीटर रुंद, पाणी अर्धा मीटर खोल, वेग सेकंदाला ०.६ मीटर (रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी). तर कोणत्याही ठिकाणाहून सेकंदाला २ × ०.५ × ०.६ = ०.६ घनमीटर, म्हणजे ६०० लिटर पाणी पुढे जाते. पंधरा मिनिटांत नाव ५४० मीटर जाते. दर २० सेकंदांनी नाव सुटत असेल, तर दोन नावांमध्ये १२ मीटर अंतर राहते आणि ५४० ला १२ ने भागले, की ४५ नावा येतात. मघाचेच उत्तर दुसऱ्या वाटेने आले.

पाणी वाहायला उतार हवा, तो किती? या वेगासाठी ५४० मीटरमध्ये एकूण ३० सेंटिमीटर उतार धरू, म्हणजे १८०० मीटरला १ मीटर. डोळ्यांना तो दिसणारही नाही. आपल्या कालव्यांचा उतारही असाच मंद असतो. काही फेऱ्यांमध्ये उताराऐवजी किंवा उताराच्या जोडीला पाण्याखालून झोत सोडून पाणी पुढे ढकलतात. दोन्हींत पंपाला पाण्याने गमावलेली ऊर्जा परत द्यावी लागते.

सेकंदाला ६०० किलोग्रॅम पाणी ३० सेंटिमीटर उचलायचे, तर शक्ती हवी ६०० × ९.८ × ०.३, म्हणजे सुमारे १,७६० वॉट. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के मानली, तर वीज लागेल सुमारे ३ किलोवॉट. ही शक्ती विहिरीवरच्या चार अश्वशक्तीच्या पंपाइतकीच झाली! विहिरीवरचा पंप त्या शक्तीत सेकंदाला ६ लिटर पाणी ३० मीटर उचलतो. इथला पंप ६०० लिटर पाणी ३० सेंटिमीटर उचलतो. दोन्हींचा गुणाकार एकच. आणि या एवढ्या विजेवर ७२० माणसे फिरतात.

नाव मध्येच घसरगुंडीवरून ४ मीटर खाली सोडायची ठरवली, तर? तेवढेच पाणी आता ४ मीटर उचलावे लागेल आणि निव्वळ शक्ती २३ किलोवॉटच्या पुढे जाईल. असे असूनही पुढच्या फेरीत घसरगुंड्या आल्या. कॅलिफोर्नियात समुद्री चाच्यांचे पुतळे पायी फिरून पाहण्याचे दालन करायचे ठरले होते. न्यूयॉर्कच्या नावांचे यश पाहून तो बेत बदलला आणि १८ मार्च १९६७ रोजी ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ नावेची फेरी म्हणूनच उघडली. देखावे मावतील एवढी इमारत उद्यानाला वेढणाऱ्या छोट्या रेल्वेच्या पलीकडेच बसत होती. म्हणून नाव घसरगुंडीने खाली उतरवून रेल्वेखालून नेली आणि शेवटी चढणीवरून ओढून वर आणली. प्रवाशांना जी गंमत वाटते, ती मुळात जागेच्या अडचणीतून निघालेली वाट होती.

एक माणूस, एक सेंटिमीटर

‘स्मॉल वर्ल्ड’ १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाला हलवण्यात आली. पुढे तिच्या आवृत्त्या फ्लोरिडात (१९७१), टोकियोत (१९८३), पॅरिसजवळ (१९९२) आणि हाँगकाँगमध्ये (२००८) झाल्या. कॅलिफोर्नियातील फेरी २००८ च्या जानेवारीत दुरुस्तीसाठी बंद झाली आणि २००९ च्या फेब्रुवारीत नव्या नावांसह उघडली. नावा मधूनमधून तळाला टेकून अडकत होत्या. प्रवाशांचे वजन वाढल्यामुळे असे होते, अशा बातम्या आल्या. कंपनीचे म्हणणे होते, की वर्षानुवर्षे काचतंतूंची ठिगळे लावून पन्हळच उथळ झाली आहे.

आर्किमिडीजच्या तत्त्वाने हा प्रश्न वर्गात तपासता येतो. नाव ५ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सरळ कडांची आहे असे माना. तळ ७.५ चौरस मीटर. ती १ सेंटिमीटर आणखी बुडण्यासाठी ०.०७५ घनमीटर, म्हणजे ७५ किलोग्रॅम पाणी दूर सरकले पाहिजे. थोडक्यात, एक मोठा माणूस चढला, की नाव सुमारे १ सेंटिमीटर खाली जाते.

अमेरिकेच्या सरकारी आरोग्य पाहणीनुसार तिथल्या प्रौढ पुरुषाचे सरासरी वजन १९६०च्या सुमारास ७५ किलोग्रॅम होते, ते २००२च्या सुमारास ८७ च्या जवळ गेले. स्त्रियांचेही सरासरी ११ किलोग्रॅमने वाढले. सोळा प्रौढांची नाव असेल, तर जादा भार १७६ किलोग्रॅम आणि नाव सव्वादोन सेंटिमीटर जास्त खोल. जड माणसे एकाच टोकाला बसली, तर ते टोक आणखी खाली. उलट बाजूने तळावर दोन सेंटिमीटरचे ठिगळ चढले, तरी परिणाम तोच. नावेच्या बुडाखालची मोकळी जागा दोन्ही कारणांनी घटते आणि नावेला त्यांतला फरक कळत नाही.

जंगलातल्या ‘व्ही’ पन्हळीत ओंडका अडला, की साठलेले पाणी त्याला सोडवी. इथे नाव अडली, तर मागच्या ४४ नावा थांबतात आणि फेरी बंद पडते. ज्या अखंड प्रवाहामुळे तासाला हजारो माणसे जाऊ शकली, त्याच प्रवाहात एक नाव साऱ्यांना अडवू शकते. १९६० च्या दशकातल्या अभियंत्यांनी नाव आखताना माणसाचे एक सरासरी वजन धरले असणारच. चाळीस वर्षांनी पन्हळ तशीच राहत नाही आणि माणूसही तसाच राहत नाही. पूल, वर्गातले बाक, बसमधली आसने, सगळी अशाच कुठल्या तरी सरासरीवर बेतलेली असतात. ती सरासरी कोणाची आणि केव्हाची, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायची सवय लावावी.

वर्गात करून पाहा

चार इंची पीव्हीसी नळ उभा चिरून दोन मीटरची पन्हळ करा. एका टोकाखाली वह्या ठेवून उतार द्या आणि वरून बादलीतले पाणी नळीने सारख्या धारेने सोडा. साबणाच्या डबीची नाव करा. भार म्हणून एक-एक रुपयाची नाणी ठेवा.

१. पाण्याची धार तीच ठेवून उतार वाढवा. वेग किती वाढतो? पाण्याची खोली किती कमी होते?

२. दर पाच सेकंदांनी एक अशा नावा सोडून दोन नावांमधले अंतर मोजा. वेग × वेळ याच्याशी ते जुळते का?

३. नाणी वाढवत जा. किती नाण्यांना नाव तळाला टेकते? तिच्यामागे पाण्याची पातळी चढते का आणि ती चढल्यावर नाव स्वतःहून सुटते का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चिरलेल्या गोल नळात आणि सपाट तळाच्या पन्हळीत वेगवेगळे येऊ शकते. पत्र्याची किंवा पुठ्ठ्यावर प्लास्टिक चढवलेली सपाट पन्हळ करून दोन्हींची तुलना करा. नेवाडातल्या लाकूडतोड्यांनी हाच प्रयोग डोंगरावर केला होता.